गाण्याचे धनी आणि गाण्याचे वेडे

फोंडा महालातील एका गावी जत्रेनिमित्त संगीत नाटक करण्याची प्रथा अद्याप टिकून आहे. यंदा तेथील हौशी मंडळींनी ‘संगीत मानापमान’ उभे केले. धैर्यधराची भूमिका गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी केली. धैर्यधर साठीच्या पुढचा असला तरी आमच्या उत्सवी रंगभूमीला त्याचे वावडे नसते. आवाज लागला म्हणजे झाले. ऑर्गनवर मास्तरांचे शेजारी होते आणि तबल्यावर वाड्यावरचाच एक मुलगा. मास्तरांच्या भाच्याने त्यातील दोन पदे भ्रमणध्वनीवर टिपली, त्यांना देवळाची तळी, दीपस्तंभ आणि गावातील जुन्या नटांची पिवळी पडलेली छायाचित्रे यांची जोड दिली आणि सात मिनिटांचा एक देखणा व्हिडिओ तयार करून यूट्यूबवर चढविला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सूचना मिळाली की या व्हिडिओतील संगीत एका ध्वनिमुद्रिका कंपनीच्या मालकीचे आढळले आहे. व्हिडिओ राहू दिला जाईल, मात्र त्यावर जाहिराती दाखविल्या गेल्यास त्यांचे उत्पन्न त्या कंपनीकडे जाईल.

तो तरुण ही सूचना घेऊन आमच्या कचेरीत आला. “मास्तर गायले, तबला आमच्याच मुलाने वाजविला, मग यात त्यांचे काय?” एवढाच त्याचा प्रश्न होता. रक्कम म्हणाल तर चहाचीही नव्हे. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळविण्यासाठी किमान एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण हवे, असा नियम २०१८ सालापासून आहे. या मुलाच्या चॅनेलला शंभरही वर्गणीदार नाहीत. त्याला सलत होते ते निराळेच. मामाच्या गाण्याखाली परक्याचे नाव लागले होते. आम्ही या विषयाकडे वळलो ते त्या सलाने.

प्रथम या पदांचा हिशेब कायद्याच्या अंगाने पाहू. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली निवर्तले आणि पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साहित्य आणि संगीत यांवरील हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षे चालतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपण्याची वेळ आली तेव्हा १९९२ साली ती साठ करण्यात आली. त्या हिशेबाने खाडिलकरांचे शब्द २००९ च्या आरंभापासून आणि टेंब्यांच्या चाली २०१६ च्या आरंभापासून सर्वांच्या झाल्या आहेत. त्या पदांची एखाद्या नामवंत गायकाच्या कंठातील ध्वनिमुद्रिका ही वेगळी वस्तू आहे. तिच्या प्रकाशनापासून साठ वर्षांचा निराळा हक्क कंपनीला असतो आणि तो रास्तही आहे. परंतु कोणा एकाने ते पद गाऊन मुद्रित केले म्हणून पदच त्याचे होत नाही. विहीर गावाची असताना घागर भरून नेणाऱ्याने विहिरीवर पाटी लावावी, तसा हा प्रकार झाला.

हेच मास्तर जर ‘कट्यार काळजात घुसली’ मधले पद गायले असते तर आम्ही वेगळे लिहिले असते. त्या नाटकाच्या चाली आमच्या मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी यांच्या. बुवा १९९८ साली गेले; त्यांच्या चालींवरील हक्क २०५८ सालअखेरपर्यंत जिवंत आहे. बाकीबाब बोरकर १९८४ साली गेले, म्हणून त्यांची कविता २०४४ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांची किंवा त्यांनी ज्यांना हक्क दिले असतील त्यांची. बाकीबाबांच्या एखाद्या गाण्यावर मांडवीची फेरीबोट, पावसातली भातशेती आणि जुवारीवरचा संधिप्रकाश जुळवून कोणी गोमंतकीय तरुणाने व्हिडिओ केला, तर त्याची भक्ती कितीही निर्मळ असो, कायदा त्याच्या बाजूला नाही. हा भेद सामान्य माणसाला ठाऊक नसतो याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण जे यंत्र दररोज लक्षावधी व्हिडिओंवर निवाडा करते, त्यालाही तो ठाऊक नाही, ही गोष्ट गंभीर आहे.

ते यंत्र कसे चालते हे थोडक्यात सांगावयास हवे. ‘कंटेंट आयडी’ या नावाने यूट्यूबने ते २००७ साली सुरू केले. हक्कधारक कंपनी आपल्या गाण्यांची मूळ प्रत यूट्यूबकडे ठेवते. यंत्र त्या ध्वनीचा जणू अंगठ्याचा ठसा घेते. पुढे कोणीही काहीही चढविले की त्याचा ठसा या साठ्याशी ताडून पाहिला जातो. जुळला की कंपनीने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे तीनपैकी एक गोष्ट होते: व्हिडिओ अडविला जातो, किंवा नुसती त्याच्या प्रेक्षकांची नोंद ठेवली जाते, किंवा त्यावर जाहिराती लावून पैसा कंपनीच्या खाती जमा होतो. यंत्र ध्वनीला ध्वनी जुळवते. कवी केव्हा वारला, संगीतकार कोण, गाणारा कंपनीचा गायक की गावचा मास्तर, वापर टीकेसाठी की फुकट करमणुकीसाठी, हे प्रश्न त्याच्या आवाक्यातले नव्हेत. शिवाय या यंत्राची किल्ली सर्वांना मिळत नाही. मोठा साठा असणाऱ्या हक्कधारकांनाच ती दिली जाते. डिचोलीचा एखादा कवी आपली चार गाणी घेऊन दारात उभा राहिला तर त्याला हाताने तक्रार अर्ज भरावा लागतो.

या व्यवस्थेच्या आधीचे दिवस काही सुवर्णयुगाचे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. आवडत्या गाण्यावर आवडती दृश्ये बसविण्याचा छंद अमेरिकेत १९८० च्या दशकातच रुजला होता. दोन व्हिडिओ-कॅसेट यंत्रे एकमेकांना जोडायची, जपानी सचेतपटांतील दृश्ये एकेक करून उतरवायची आणि गाण्याच्या ठेक्यावर ती नेमकी पडावीत म्हणून रात्री जागवायच्या, असा तो खटाटोप. त्यात पैसा नव्हता. अशा व्हिडिओंची एक मोठी सूची महाजालावर उभी राहिली, तेव्हा नोव्हेंबर २००५ मध्ये ‘विंड-अप रेकॉर्ड्स’ या कंपनीने, ‘इव्हानेसन्स’ हा तेव्हाचा लोकप्रिय वाद्यवृंद धरून, आपल्या कलावंतांची गाणी वापरलेले सर्व व्हिडिओ काढून टाकावयास सांगितले आणि हजारो व्हिडिओ उतरले. तेव्हा मालकापुढे दोनच मार्ग होते, डोळेझाक किंवा मनाई.

तिसरा मार्ग काढला तो यूट्यूबच्या गरजेने. २००५ साली जन्मलेली ही कंपनी पुढच्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलरांना घेतली आणि मार्च २००७ मध्ये ‘व्हायकॉम’ने तिच्यावर शंभर कोटी डॉलरांहून अधिक नुकसानभरपाईचा दावा गुदरला. तो दावा सात वर्षे चालून २०१४ साली आपसांत मिटला. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने असे संरक्षण दिले आहे की, तक्रार येताच माल खाली उतरविणाऱ्या मध्यस्थाला ग्राहकाच्या चोरीबद्दल जबाबदार धरता येत नाही. परंतु केवळ उतरविण्याने धंदा होत नाही. उतरविण्याऐवजी त्यावरच जाहिरात लावली तर मालकही खूष आणि मध्यस्थही खूष, हे गणित या यंत्राने शक्य केले. आज नव्वद टक्क्यांहून अधिक दाव्यांत हक्कधारक अडविण्याऐवजी कमाईचाच पर्याय पत्करतात. २०१८ सालापर्यंत या मार्गाने हक्कधारकांना तीनशे कोटी डॉलरांहून अधिक रक्कम पोचल्याचे गूगलनेच सांगितले आहे.

या गणिताचा आरंभीचा आणि सर्वांत गोड दाखला एका लग्नाचा आहे. २००९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात एका जोडप्याच्या विवाहप्रसंगी करवल्या आणि वराचे मित्र चर्चच्या मधल्या वाटेने नाचत आले. गाणे होते वर्षभर आधी निघून जुने झालेले, क्रिस ब्राउन या गायकाचे ‘फॉरएव्हर’. तो व्हिडिओ आठवड्याच्या आत एक कोटीहून अधिक वेळा पाहिला गेला. सोनी कंपनीने तो अडविला नाही. गाणे विकत घेण्याचा दुवा आणि जाहिराती त्याच्या सोबतीला लावल्या. जुने झालेले ते गाणे विक्रीच्या याद्यांत पुन्हा वर आले, ॲपलच्या दुकानात चौथे आणि ॲमेझॉनच्या दुकानात तिसरे. गायकावर त्या सुमारास मैत्रिणीस मारहाण केल्याचा खटला झाला होता. म्हणून त्या दांपत्याने आपल्या प्रसिद्धीचा उपयोग कौटुंबिक अत्याचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेसाठी देणग्या मागण्याकडे केला. कंपनीने पैसा कमावला, नवदांपत्याने पुण्य. आम्हांस या कथेचा आनंद वाटतो, पण एक प्रश्नही पडतो. मेलेले गाणे जिवंत केले कोणी? त्या वाटेवरून नाचत आलेल्या माणसांच्या श्रमाची किंमत त्या हिशेबाच्या कोणत्या रकान्यात मांडली होती?

मांडली नव्हती, आणि पुढेही मांडली गेली नाही. २०१३ च्या आरंभी ‘हार्लेम शेक’ या गाण्यावर जगभरच्या हौशी मंडळींनी चित्रविचित्र नाचाचे व्हिडिओ काढले, दररोज हजारोंच्या संख्येने. त्यावरील जाहिरातींचा पैसा गाण्याच्या हक्कधारकाकडे गेला आणि या प्रेक्षणाच्या बळावर ते गाणे ‘बिलबोर्ड’च्या यादीत एकदम पहिल्या क्रमांकावर अवतरले. नंतर उघड झाले की खुद्द त्या गाण्यातच दुसऱ्या दोन गायकांचे आवाज त्यांना न विचारता घेतलेले होते, आणि त्या दोघांनी आपली भरपाई मागितली. ज्याच्या नावाने सारा गाव वर्गणी देत होता, त्यानेच शेजाऱ्याचे भांडे न विचारता आणले होते.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: चुका होतात, पण अपवादात्मक. आकडे पाहू. यूट्यूबने स्वतः प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत या यंत्रामार्फत ७२ कोटी २० लाखांहून अधिक दावे झाले आणि त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक दावे माणसाच्या नजरेखालून न जाता आपोआप झाले. ज्यांवर हरकत घेतली गेली ते एक टक्क्याहूनही कमी. कंपन्या येथे थांबतात. आम्ही पुढची ओळ वाचतो. ज्या दाव्यांवर हरकत घेतली गेली त्यांतील साठ टक्के हरकती व्हिडिओ करणाऱ्याच्या बाजूने सुटल्या. सुमारे बावीस लाख दावे चुकीचे ठरले. दहा माणसांनी फिर्याद करावी आणि सहांचे म्हणणे खरे निघावे, तर ज्यांनी फिर्यादच केली नाही त्यांच्यात खरे किती असतील?

ते फिर्याद का करीत नाहीत याचे कारण प्रक्रियेत आहे. हरकत घेतली की ती पहिल्याप्रथम जाते दावा करणाऱ्याकडेच. त्याला तीस दिवसांचा अवधी असतो आणि तो ती सरळ फेटाळू शकतो. म्हणजे फिर्यादीच न्यायाधीश. मग वर अपील करावे, तर दावेदाराने कायदेशीर नोटिशीने व्हिडिओ उतरविण्याची मागणी करण्याची शक्यता असते, आणि तशी मागणी मान्य झाली की चॅनेलवर एक ठपका पडतो. नव्वद दिवसांत असे तीन ठपके पडले की चॅनेल बंद. आमच्या भाच्यासारख्या मुलाने दोन पदांसाठी एवढा धोका का पत्करावा? तो गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे आकडेवारीत ‘समाधान’ म्हणून मोजले जाते.

चुका तरी कशा? ऑस्ट्रेलियातील एका संगीत-तंत्रज्ञाने दहा तासांचा निव्वळ खरखरीचा आवाज चढविला होता. जुन्या रेडिओचे केंद्र न लागता येतो तसला. २०१८ च्या जानेवारीपर्यंत त्या खरखरीवर पाच मालकी दावे येऊन पडले होते. त्याच वर्षी ब्रिटिश पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी स्वतः वाजविलेले बाखचे एक मिनिटही न भरणारे संगीत फेसबुकवर ठेवले, तेव्हा त्यातील ४७ सेकंद सोनीच्या मालकीचे असल्याचा दावा तेथील यंत्राने केला. बाख १७५० साली वारला. मास्तरांच्या गाण्याला या दोघांची संगत लाभली आहे, एवढे समाधान त्यांनी मानावे.

आणि जेथे यंत्र डोळे मिटून पैसे देते तेथे लबाड गेल्यावाचून राहत नाहीत. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात दोघांनी स्पॅनिश भाषेतील पन्नास हजारांहून अधिक गाणी आपलीच आहेत असे सांगून यूट्यूबच्या याच व्यवस्थेतून दोन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उचलली. कित्येक वर्षे हे चालले. २०२१ साली त्यांच्यावर आरोपपत्र झाले आणि पुढे दोघांनीही गुन्हा कबूल केला. ज्या व्यवस्थेने एका मास्तरच्या भाच्याला एका रात्रीत गाठले, तिला या दोघांना ओळखण्यास इतका काळ लागावा!

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की आम्ही फुकट्यांची तळी उचलतो आहोत. तसे मुळीच नाही. गाण्याच्या धन्यांत सर्वांत उपेक्षित धनी कवी आणि संगीतकारच आहेत, आणि या देशात त्यांची लूट रसिकांनी नव्हे, बव्हंशी धंद्यानेच केली आहे. चित्रपटगीताचा कवी एकदा बिदागी घेऊन घरी गेला की त्याचा त्या गीताशी संबंध सुटला, अशी दीर्घकाळ रीत होती. गायकांना मानधनाव्यतिरिक्त विक्रीतील वाटा मिळावा यासाठी १९६० च्या दशकात लता मंगेशकर आग्रहाने उभ्या राहिल्या, आणि त्या मतभेदापायी लता व रफी यांची युगलगीते काही वर्षे थांबली. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यामागे राज्यसभेत जावेद अख्तर यांचा मोठा हात होता. तिच्यान्वये चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रिकेत वापरलेल्या गीताचे कवी व संगीतकार आपल्या स्वामित्वधनाचा वाटा वारस किंवा हक्कसंस्था यांखेरीज कोणालाही लिहून देऊ शकत नाहीत. दिला तरी तो करार निरर्थक. ही दुरुस्ती व्हावी म्हणून झटणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत. जाहिरातीचा पैसा खरोखरीच वृद्ध कवीच्या घरी पोचत असेल, तर भाच्याच्या व्हिडिओवर शंभर जाहिराती लागोत.

हक्काची चाड सर्वांना सारखीच नव्हती, हेही आपल्याकडील कॅसेटयुगाने दाखविले. १९८० च्या दशकात गाजलेली गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन त्यांच्या ‘व्हर्शन’ कॅसेटी स्वस्तात विकण्याचा धंदा जोरात होता. तत्कालीन कायद्यात ठराविक मानधन भरून तसे करण्याची वाट होती आणि तिचा यथेच्छ उपयोग झाला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशा कॅसेटींच्या राशी पाहिल्याचे आमच्या वाचकांपैकी अनेकांना स्मरत असेल. २०१२ च्या दुरुस्तीने ही वाट पाच वर्षांनंतर खुली होईल आणि सर्वसाधारणपणे वर्षाला निदान पन्नास हजार प्रतींचे मानधन भरावे लागेल, असे ठरविले. कारखानदाराला हे जमेल. जत्रेत ‘कट्यार’मधले पद गाणाऱ्या हौशी गायकाला ती वाट असून नसल्यासारखीच.

तेव्हा प्रश्न हक्क असावा की नसावा हा नसून हक्काची मर्यादा कोण पाळतो हा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका मातेने २००७ साली आपल्या तान्ह्या मुलाच्या नाचाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ चढविला. मागे प्रिन्स या गायकाचे गाणे वाजत होते. युनिव्हर्सल कंपनीने तो उतरविला. ती माता न्यायालयात गेली आणि २०१५ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की, उतरविण्याची नोटीस धाडण्यापूर्वी हक्कधारकाने ‘हा वापर न्याय्य तर नाही ना’ याचा विचार केला पाहिजे. आपल्या कायद्यात कलम ५२ आहे. खासगी उपयोग, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त अशी त्याची बांधीव यादी आहे, आणि रसिकाने प्रेमापोटी केलेला व्हिडिओ त्या यादीत सहजी बसत नाही. परंतु ज्या गोष्टी त्या यादीत निःसंशय बसतात, त्यांची तरी यंत्राने दखल घ्यावी की नाही?

या कलमाचा गोव्याशी अलीकडेच जवळून संबंध आला. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या प्रसंगी वाजविलेल्या गाण्याला या कलमान्वये सूट आहे, आणि विवाहाची वरात व विवाहाशी निगडित सामाजिक समारंभ त्यात धरलेले आहेत. गोव्यात हॉटेलांतून होणाऱ्या लग्नांत हक्कसंस्थांकडून शुल्कासाठी तगादा होतो अशा तक्रारी आल्यावर राज्य सरकारने ३० जानेवारी २०२४ रोजी परिपत्रक काढून अशा समारंभांतील संगीतासाठी कोणी शुल्क मागू नये असे बजावले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द ठरविले. कायद्याच्या शब्दांपलीकडे जाण्याचा अधिकार परिपत्रकाला नसतो, हे आम्हांस मान्यच आहे. पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मांडवात वाजलेल्या गाण्याला सूट असली, तरी त्याच लग्नाचा व्हिडिओ गाण्यासकट महाजालावर चढविला की ती सूट पाठीशी उभी राहील असे म्हणणे धाडसाचे आहे. मुंज, लग्न, चवथीची आरती यांचे व्हिडिओ चढविणाऱ्या घराघरांना हे सांगावयास हवे.

आमच्या स्वतःच्या परंपरेकडे पाहिले तर या प्रश्नाचे एक जुने उत्तर सापडते. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके ज्यांनी हाताळली असतील त्यांना आठवेल की प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असे. अमुक पद तमुक लावणीच्या, ठुमरीच्या किंवा कानडी पदाच्या चालीवर, अशी ती नोंद. किर्लोस्करांनी १८८२ साली ‘सौभद्र’ बसविले तेव्हा चाली आकाशातून पडल्या नव्हत्या. टेंब्यांनीही ‘मानापमान’मध्ये पूरबी ठुमरीचे रंग मुक्तहस्ते आणले. उचलले होते, पण लपविले नव्हते. आजही आमची भजनी मंडळे अभंग कोणत्या चित्रपटगीताच्या चालीवर चालला आहे हे श्रोत्यांना पहिल्याच ओळीत कळू देतात, आणि श्रोते मनातल्या मनात दोन्ही गाणी ऐकतात. (कधीकधी तिसरेही ऐकू येते, पण तो पेटीवाल्याचा दोष.) रसिकाने गाण्यावर केलेला व्हिडिओ याच कुळातला आहे. ‘चाल’ लिहिण्याची सक्ती जरूर असावी; चाल लिहिली म्हणून पद मात्र काढून घेऊ नये.

वाटणी अशक्य आहे, असे आता कोणी म्हणू शकत नाही. सर्वसाधारणपणे यूट्यूब जाहिरातीच्या उत्पन्नाचे ५५ टक्के व्हिडिओ करणाऱ्याला देते. तथापि वीस मिनिटांच्या व्हिडिओत वीस सेकंद गाणे वाजले तरी दाव्यानंतर तो सर्व वाटा गाण्याच्या धन्याकडे जाऊ शकतो. पण अमेरिकेतील निर्मात्यांसाठी २०२३ साली यूट्यूबनेच एक योजना आणली, जिच्यात धन्याने संमती दिलेले एक गाणे वापरल्यास निर्मात्याला त्याच्या नेहमीच्या वाट्याचा निम्मा भाग, म्हणजे साडेसत्तावीस टक्क्यांच्या आसपास, राखता येतो. यंत्राला भागाकार येतो. तो भागाकार मराठी गाण्यांनाही लागू करण्यास कोणती तांत्रिक अडचण आहे, हे ज्यांच्याकडे मराठी भावगीते आणि नाट्यगीते यांचे साठे आहेत त्या कंपन्यांनी एकदा सांगावे. साठा त्यांचा, पण त्या साठ्यावरची धूळ झटकणारे हात याच वेड्यांचे आहेत.

सरकारकडून आम्ही फार मोठी अपेक्षा करीत नाही. मालकीच्या दाव्याला हरकत घेतल्यास तिचा निवाडा दावेदाराने नव्हे तर तिसऱ्या, हाडामांसाच्या माणसाने करावा, आणि जे दावे उघड खोटे ठरतील त्यांबद्दल दावेदाराला काही भुर्दंड बसावा, इतके नियम केंद्राने मध्यस्थ कंपन्यांवर घालण्यास कोणाच्या हक्काला बाध येत नाही. गोव्यापुरते एक काम तर पणजीत बसून होण्यासारखे आहे. कला अकादमीने मराठी संगीत नाटकांची यादी करावी. प्रत्येकापुढे नाटककार, पदकर्ता आणि संगीतकार यांची नावे व मृत्यूची साले लिहावीत, आणि कोणती पदे कोणत्या वर्षापासून सर्वांना मोकळी झाली हे जाहीर करावे. देवलांची ‘शारदा’, किर्लोस्करांचे ‘सौभद्र’, खाडिलकरांचे ‘मानापमान’ यांपासून प्रारंभ करता येईल. एका लिपिकाचे चार महिन्यांचे काम आहे. गावोगावच्या उत्सवी मंडळांच्या हाती असा अधिकृत कागद असला, तर हरकतीच्या अर्जात काय लिहावे हे त्यांना कोणाच्या कचेरीत येऊन विचारावे लागणार नाही.

तूर्त तो कागद नसल्यामुळे आम्हीच त्या तरुणाला खाडिलकर आणि टेंबे यांची मृत्युवर्षे एका कपट्यावर लिहून दिली, आणि गायक, वादक व प्रयोगाचे स्थळ यांचा तपशील जोडून हरकत घेण्यास सांगितले. त्याने ती घेतली आहे. उत्तराच्या तीस दिवसांपैकी अकरा दिवस उलटले. मास्तरांना यातले काही कळविलेले नाही. ते पुढच्या जत्रेसाठी ‘सौभद्र’च्या तालमी धरीत आहेत.